नवीन चार्ज मिळालाय? पालकांपर्यंत निरोप पोचवायचं काम असं लावा

हा लेख मुख्यतः जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांवर मुख्याध्यापकाचा चार्ज नवीन आलेल्यांसाठी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो, म्हणून आपल्याकडे बहुतेक वाडीवस्तीवर दोन शिक्षकांपैकी जो सिनियर तोच प्रभारी, आणि आता शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेल्या नवीन मुलामुलींवर पण लवकरच ही वेळ येते. चार्ज घेताना जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक, पोषण आहाराचा तांदूळ सगळं मोजून सही करून मिळतं, पण गावाशी बोलायचं कसं, कुठली गोष्ट कोणाला कधी सांगायची, हे कुठल्या प्रशिक्षणात येत नाही. मी बीड जिल्ह्यात आहे, दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातं अशा भागात, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील. तुमच्याकडे भातलावणी असेल, मासेमारी असेल, एमआयडीसीची शिफ्ट असेल, त्या हिशोबाने फिरवून घ्या.

आधी मूळ मुद्दा. ग्रुपवर टाकलं की झालं असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. माझं म्हणणं असंय की निरोप गेल्यावर लगेच स्वतःला विचारायचं, हा कोणाच्या घरी पोचला नसेल? छोट्या शाळेत अशी घरं ठरलेली असतात, प्रत्येक वेळी तीच, आणि जास्त गैरहजर राहणारी, कागदपत्रं अडकलेली, शिष्यवृत्तीचा फॉर्म राहिलेली पोरं पण बऱ्याचदा त्याच घरातली असतात. खाली जे काही सांगतोय ते सगळं या घरांसाठीच आहे असं समजा, बाकीच्यांना तर तुम्ही काही नाही केलं तरी कळतंच.

सुरुवात नंबरांच्या वहीपासून

पोर्टलवरचे नंबर विश्वासाने घेऊ नका. यू-डायस (शाळेची आणि मुलांची सरकारी ऑनलाइन माहिती) भरताना घाईत कोणाचातरी नंबर टाकलेला असतो, कधी आधीच्या गुरुजींचाच, कधी आधार सेंटरवाल्याचा, कधी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं सिमकार्ड. शंभर पानी साधी वही घ्या, एका मुलाला एक पान. मोबाईलमध्ये ठेवायची असेल तर ठेवा पण वही असू द्या, कारण तुम्ही रजेवर असताना दुसऱ्या शिक्षकाला ती लागते.

पानावर नंबर तर लिहाच, पण त्याच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो फोन असतो कोणाकडे. वडिलांचा नंबर दिलेला असतो आणि वडील पुण्याला ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या कोणालाच निरोप कळणार नाही. घरात आत्ता कोण राहतंय, स्मार्टफोन कोणाचा, घरात वाचता कोणाला येतं (कधी फक्त सहावीतल्या ताईला येतं, तर तसं लिहा), फोन उचलायची वेळ कुठली, आणि अडीअडचणीला शेजारच्या कोणाला सांगितलं तर चालेल. तांड्यावरची शाळा असेल तर आजी-आजोबांना मराठी कितपत कळतं तेही लिहून ठेवा, कारण गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोलणारा एखादा पालक मध्ये घेतला की अर्धं काम हलकं होतं. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर मूल कोणाच्या ताब्यात आहे आणि शाळेतून कोण नेऊ शकतं हे विचारायला लाजू नका, फक्त चारचौघांत विचारू नका.

ही माहिती शाळेत बोलावून मिळत नाही. जूनमध्ये पटनोंदणीला घरोघर फिरावंच लागतं, पहिलीच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला माता पालक गट पण होतात, तेव्हाच वही बरोबर ठेवा. संध्याकाळी जा. दुपारी गेलात तर म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी भेटत नाही. आणि चहा नको म्हणू नका, दोन घोट घ्या, कारण चहा होईपर्यंतच खरी माहिती निघते. मी एका घरी गेलो होतो तिथे आजीने कोनाड्यातनं बटणाचा फोन काढून दाखवला, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं, म्हणाली, "गुरुजी, ह्यो वाजला की मी हिरवं दाबते, पुढचं मला काई कळत नाई." त्या घराच्या पानावर एवढंच लिहायचं, फोन करा, मेसेज नको, सकाळी आठच्या आत. झालं, त्या घराचा प्रश्न मिटला.

वही वर्षातून दोनदा तरी ताजी करा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि पाडव्याच्या आसपास, कारण इकडे तेव्हाच माणसं जातात आणि येतात, नंबर बदलतात.

काय कुठून सांगायचं ते आधी वेगळं करा

सगळं एकाच तोटीतनं सोडलं की पालक वाचायचं बंद करतात. मी साधी वाटणी करतो. आजच्या आज कळायला पाहिजे असं काही, म्हणजे शाळा लवकर सुटणार, ओढ्याला पाणी आलंय, उद्या लसीकरणाला पथक येणार, हे ग्रुपवर आणि त्या ठराविक घरांना फोन. आठवड्याभराचं चालतं असं, बालसभा, सहल, आठवड्याचा मेनू, हे शाळेच्या गेटवरच्या फळ्यावर. कागद किंवा सही लागते असं काही, बँक पासबुक, जातीचा दाखला, अपार आयडीचं (विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं) संमतीपत्र, हे समोरासमोर किंवा मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन, कारण व्हॉट्सॲपवर "आधार जमा करा" म्हटलं की लोक थेट आधारकार्डचा फोटोच ग्रुपवर टाकतात आणि मग तो पन्नास मोबाईलमध्ये जाऊन बसतो. आणि एकट्या मुलाबद्दलचं काहीही, अभ्यास, वागणं, आजार, फी-बिगर फी, हे कधीच ग्रुपवर नाही. कौतुक सुद्धा जपून, कारण एकाचं रोज कौतुक दिसलं की दुसऱ्याची आई येऊन विचारते, "आमच्या पोराचं काई चुकलं का?"

व्हॉट्सॲप ग्रुप कसा चालवायचा

कोरोनात २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा हे ग्रुप निघाले आणि तेव्हापासून तसेच पडून आहेत, चौथी पास होऊन गेलेल्यांचे पालक अजून त्यात आहेत. जुना ग्रुप चालवत बसू नका, जूनमध्ये नवीन काढा, नावात शाळेचं नाव आणि वर्ष टाका. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील असं करा. सुरुवातीला दोघं-तिघं रुसतात, म्हणतात सर आमचं तोंड बंद केलं, त्यांना सांगा माझा नंबर आहे, माझ्याशी थेट बोला. नाहीतर सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी पुढाऱ्याचा वाढदिवस, आणि मधे कुठेतरी तुमचा लसीकरणाचा मेसेज. ॲडमिन दोन ठेवा, तुम्ही आणि दुसरे शिक्षक.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि गावात एखाद्या बाईचा नंबर असा बाहेर गेला की तिला त्रास होतो, मग घरचे तिला ग्रुपमधून काढतात आणि त्या मुलाची आई तुमच्यापासून तुटते. कम्युनिटी काढली तर तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते बरं पडतं. ब्रॉडकास्ट लिस्ट पण चालते पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती जाते, म्हणून गृहभेटीला गेलात की त्यांच्या फोनमध्ये "शाळा" नावाने तुमचा नंबर स्वतः सेव्ह करून द्या. "शाळा" हेच नाव, कारण सर बदलतात, शाळा तीच राहते.

आता मेसेज लिहायचा कसा. आपल्याला ऑफिसची भाषा अंगवळणी पडलेली असते, "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व पालकांना सूचित करण्यात येते की", इथपर्यंत येईस्तोवर पालक पुढच्या रीलवर गेलेला असतो. वरून आलेली बारा पानी पीडीएफ तशीच फॉरवर्ड करणं तर बंदच करा, तिच्यातलं पालकांच्या कामाचं एक वाक्य असतं, तेवढं काढून लिहा. असं:

"उद्या शनिवारी शाळा सकाळी ७.३० ला भरेल, १०.३० ला सुटेल. खिचडी शाळेतच मिळेल. तिसरी-चौथीच्या मुलांनी कंपासपेटी आणावी."

वार लिहा, नुसती तारीख नको, गावात लोक वारावर चालतात. एका मेसेजात एकच काम. दोन कामं सांगितली की पहिलं होतं आणि दुसरं राहतं, हे मी किती वेळा बघितलंय. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, शेतातनं आलेली माणसं तेव्हा मोबाईल हातात घेतात. सकाळी दहाला टाकलेला मेसेज रात्री बघितला जातो आणि तोपर्यंत त्याच्यावर दुसरे वीस येऊन पडतात.

वाचता न येणाऱ्यांसाठी त्याच मजकुराचा व्हॉइस मेसेज लगेच खाली टाका. अर्ध्या मिनिटाचा, आपल्या रोजच्या बोलीत, सूत्रसंचालन करतोय असं बोलू नका. खरं सांगायचं तर वाचता येणारे पण आवाजच ऐकतात. बायका भाकरी थापताना फोन बाजूला ठेवून ऐकतात, आणि मग तेच शेजारणीला सांगतात.

पाठवून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच मेसेजवर दाबून धरा, माहितीमध्ये कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोचला ते दिसतं. (ज्यांनी वाचल्याची निळी खूण बंद ठेवलीय त्यांचं पण ग्रुपमध्ये दिसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) जी नावं दोन्हीकडे नाहीत ती आणि जी घरं ग्रुपमध्येच नाहीत ती, मिळून झाली तुमची यादी. त्यांना फोन, नाहीतर शेजारी, नाहीतर पोराबरोबर चिठ्ठी. दहा मिनिटांचं काम आहे.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण इथे आपलं सगळ्यांचंच चुकतंय. उपक्रमाचे फोटो वर पाठवा, लिंक भरा, जिओ टॅग करा, या सगळ्यात आपला अर्धा दिवस जातो, आणि तेच फोटो सवयीने स्टेटसला, फेसबुकला, गावच्या ग्रुपला. पोराचा चेहरा, नाव, शाळा, गाव असं सगळं एकत्र बाहेर जातं. जूनमध्येच एका साध्या कागदावर पालकांची संमती घ्या, फोटो वर्गाच्या ग्रुपवर चालेल का, बाहेर चालेल का, असे दोन वेगळे प्रश्न. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, कधीकधी कोर्टात केस चालू असते, कधी आई माहेरी लपून राहत असते. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा पण अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती मागतो. मार्कांची यादी, शिष्यवृत्तीची जातनिहाय यादी, बँक खात्यांची यादी, यातलं काहीच फोटो काढून टाकायचं नाही, मग वरनं कितीही घाई असो.

मोबाईलशिवायचे रस्ते

गेटवरचा फळा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तो रस्त्याच्या बाजूला तोंड करून पाहिजे, ऑफिसच्या व्हरांड्यात लावलेला फळा फक्त केंद्रप्रमुख वाचतात. अक्षर मोठं, तीन ओळींपेक्षा जास्त नको, आणि जुना मजकूर पुसलेला पाहिजे. ऑगस्टमध्ये योगदिनाची सूचना दिसली की लोकांची त्या फळ्याकडे बघायची सवय जाते. पोषण आहाराचा मेनू मात्र रोज लिहा, तो बघायला तरी लोक थांबतात.

ग्रामपंचायतीचा किंवा मंदिराचा भोंगा चालतो, पण मोठ्या गोष्टीलाच वापरा. दूध घालायला सकाळी सगळं गाव डेअरीवर येतं, तिथे एक कागद चिकटवा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना प्रत्येक सूचना आधी सांगा, त्यांचं गावात येणंजाणं तुमच्यापेक्षा जास्त आहे आणि बायका त्यांच्याशी मोकळं बोलतात.

आणि सगळ्यात भारी निरोप्या म्हणजे पोरगंच, फक्त त्याला शिकवावं लागतं. शाळा सुटायच्या आधी दोन मिनिटं, निरोप एका वाक्यात सांगायचा, सगळ्यांनी म्हणायचा, मग दोघा-तिघांना उभं करून विचारायचं, घरी गेल्यावर पहिलं कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी परिपाठात विचारायचं, घरी काय म्हणाले? हा दुसरा प्रश्न सोडू नका. पोरं जे उत्तर आणतात त्याने बरंच कळतं. "आई म्हणली मीटिंगला यायला कामाचा खाडा होतो" असं एका दुसरीतल्या मुलीने सरळ सांगितलं आणि तेव्हापासून आम्ही सभा संध्याकाळी घ्यायला लागलो. चिठ्ठी दिली असेल तर वहीच्या मागच्या पानावर सही किंवा अंगठा, आणि ज्याने आणली त्याला शाबासकी. न आणणाऱ्याला शिक्षा मात्र नको, त्याच्या घरी लिहायला पेन नसतो किंवा सही करणारं माणूसच नसतं.

पालकसभा आणि शाळा व्यवस्थापन समिती (शाव्यस)

तारीख ठरवताना पंचायत समितीचं कॅलेंडर बघू नका, गावचं बघा. आठवडी बाजाराचा वार नको, सोयाबीन काढणीत नको, कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी तर नकोच, पोळ्याच्या आदल्या दिवशी नको. साडेसहा-सात वाजता घ्या आणि तासाभरात संपवा. निमंत्रणात कशासाठी हे लिहा. "पालकसभा आहे, यावे" याला कोणी येत नाही, "पाचवीच्या मुलांच्या वार्षिक परीक्षेबद्दल" म्हटलं की पाचवीचे येतात.

बसायची व्यवस्था बघा. पुढे खुर्च्यांवर चार पुढारी, मागे सतरंजीवर बायका, त्यातल्या कोणी तोंड उघडत नाही. सगळ्यांना सतरंजी, तुम्ही पण सतरंजीवर, आणि गोल. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या निमित्ताने माता मेळावा घेतात ते चांगलं चालतं, पण नाव माता मेळावाच ठेवा आणि वाण सगळ्या आयांना द्या, ज्यांचे नवरे नाहीत त्यांना पण, नाहीतर त्या येतच नाहीत आणि त्यांच्याशीच तुम्हाला जास्त बोलायचं असतं.

कार्यक्रमात भाषणं कमी, पोरांचं वाचन जास्त. दोन मुलांनी नवीन उतारा वाचून दाखवला की शाळेत काय चाललंय ते आयांना दिसतं.

शाळा व्यवस्थापन समितीचं थोडक्यात: २००९ च्या आरटीई कायद्याप्रमाणे पाऊण सदस्य पालक पाहिजेत, एकूण निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधून निवडायचा आणि सदस्य सचिव तुम्ही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी पाठवून सह्या आणतात. ते करू नका, एकदा अडचण आली की त्याच सह्या तुमच्यावर उलटतात. इतिवृत्त सभेतच लिहा, वाचून दाखवा, मग सह्या. आणि पैसा मोकळेपणाने सांगा. समग्र शिक्षा योजनेमधून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये असं निकषात आहे, तर निकष किती, प्रत्यक्षात खात्यावर किती आले आणि कधी आले, लाईटबिल किती गेलं, खडू-रंगरंगोटीला किती, हे चार आकडे फळ्यावर लिहा. गावात शाळेबद्दल ज्या वावड्या उठतात त्यातल्या अर्ध्या पैशाच्या असतात आणि त्या आकडा दिसला की बसतात.

मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलताना

प्रगतिपत्रक हातात देऊन "ब-१ आहे, लक्ष द्या" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. पालक विचारतात पास का नापास. त्यांना मूल काय करू शकतं ते दाखवा. वही उघडा, बोट ठेवा: "हे बघा, साधी वजाबाकी येते तिला, पण हातचा घ्यायचा आला की वरच्या अंकातनं कमी करायचं विसरते, इथे, आणि इथे पण. घरी काड्या घेऊन दहाचे गठ्ठे सोडायला लावा, दिवसाला दोन गणितं." आता त्या माऊलीला करायला काहीतरी मिळालं. शेजारच्या पोराचं नाव काढायचं नाही, मोठ्या भावाचं पण नाही.

पाचवीच्या पालकांना मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, एप्रिलमध्ये सांगितलं तर भांडण होणार. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पण पाचवीतच असते आणि फॉर्मची मुदत हमखास चुकते, ते पहिल्याच सभेत सांगून टाका.

जे पालक गावातच नाहीत

ऊसतोडीच्या भागात ही खरी परीक्षा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान टोळ्या निघतात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात, आणि येतात मार्च-एप्रिलला. निघायची तारीख मुकादम ठरवतो आणि ट्रक रात्रीतनं निघतो, म्हणून सप्टेंबरच्या शेवटीच एक सभा फक्त या घरांची घ्या. तिथे तीन गोष्टी सांगायच्या. पोरं मागे ठेवली तर हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती आपल्या गावात यंदा आहे का आणि जेवणाचं काय. पोरं बरोबर नेणार असाल तर शिक्षण हमी पत्रक घेऊनच जा, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. आणि तिसरं, नाव कमी होत नाही, आल्यावर सरळ वर्गात या, कोणी ओरडणार नाही. ही तिसरी गोष्ट दोनदा सांगा, कारण लाजेपोटी आल्यावर पण पोरं घरीच बसतात.

आणि त्यांच्याकडनं काय घ्यायचं: कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर, टोळीतल्या ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याचा नंबर, आणि मागे राहिलेल्या पोराचं दुखलंखुपलं तर दवाखान्याचा निर्णय गावात कोण घेणार, त्याचं नाव आणि सही. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. रात्री पोराला ताप चढतो, आजी घाबरलेली, आई-बाप तीनशे किलोमीटरवर, फोन बंद. तेव्हा चुलत्याने न्यायचं का मामाने यावर वाद नको.

तिकडे पहाटे अंधारात तोड सुरू होते, दिवसभर फोन कोपीत (झोपडीत) पडलेला, चार्जिंग दुकानावर. म्हणून या पालकांना आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या रात्री, व्हॉइस मेसेज. त्यात पोराचाच आवाज टाका. मोठं काही नको, "आई, मी आज पाचचा पाढा म्हटला, आजी बरी आहे, तू जेवलीस का" एवढं. तो मेसेज टोळीतले सगळे ऐकतात, त्याला उत्तर येतं, आणि उत्तर आलं म्हणजे तुमचा संपर्क चालू आहे. हाजिरी, अभ्यास वगैरे त्याच्याच पाठी दोन वाक्यांत तुम्ही सांगा.

वाईट बातमी द्यायची वेळ आली तर

पोरगं पडलं, हात मोडला, विंचू चावला. क्रम ठरलेला पाहिजे आणि दोन्ही शिक्षकांना पाठ पाहिजे: एकाने मुलाजवळ थांबायचं आणि दवाखाना, दुसऱ्याने पालकांना फोन, मग शाव्यस अध्यक्ष, मग केंद्रप्रमुख, आणि ग्रुप सगळ्यात शेवटी. आईला बातमी ग्रुपवरनं कळता कामा नये. फोनवर पहिलं वाक्य मूल कुठे आहे आणि शुद्धीवर आहे का याचं, बाकी नंतर. ग्रुपवर टाकायची वेळ आलीच तर नाव न घेता काय झालं, काय केलं, बाकीची मुलं कुठे आहेत. जे माहीत नाही ते "अजून कळलेलं नाही, सहाला सांगतो" असं लिहा आणि सहाला खरंच सांगा, काही नवीन नसलं तरी.

खिचडीबद्दल अफवा लवकर पसरते. त्याला उपाय आधीच करून ठेवायचा, वाढण्याआधी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं, तिथे रोज वेगवेगळ्या आयांना बोलवा. पहिली ते पाचवीला एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, हे पण भिंतीवर लिहा. ज्या बाईने स्वतः चव घेतलीय ती गावात तुमच्या बाजूने बोलते.

मुलाच्या शरीराला कोणी हात लावल्याची, छेडछाडीची गोष्ट कानावर आली तर तिथे बाकी सगळे नियम बाजूला. गावात मिटवू नका, स्वतः चौकशी करत बसू नका, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलाची ओळख कळेल असं एक अक्षर कुठे जाता कामा नये, स्टाफच्या ग्रुपवर पण नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या, आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेल तर तिच्यातली ताई कोण हे मुलींना माहीत पाहिजे.

चिडून आलेले पालक

येणारच. रागात व्हॉट्सॲपवर लिहिलेल्याला व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका, "दादा, वाचलं, उद्या साडेदहाला या, बसून बोलू" एवढंच लिहा. आल्यावर आधी पाणी, मग त्याचं पूर्ण होऊ द्या, तुमच्याकडे उत्तर तयार असलं तरी मधे तोडू नका. वहीत तारीख टाकून त्याच्यासमोर लिहा काय म्हणतोय ते, आणि कधी उत्तर देणार ते. सहकारी शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर पालकासमोर त्याला झाडू नका आणि त्याची बाजू पण घेऊ नका, दोन दिवस मागा.

दर महिन्याच्या शेवटी एक छोटी तपासणी करा, ही मला सगळ्यात उपयोगी पडते. वहीतनं कुठलीही पाच पानं काढा, त्यात न पोचणाऱ्या यादीतली दोन असलीच पाहिजेत, आणि त्या घरी फोन करून किंवा जाता जाता दारात थांबून विचारा, शनिवारी शाळा किती वाजता भरते? पुढची सभा कधी आहे? पोरीला शिष्यवृत्ती आली का? तिन्हींची उत्तरं आली तर त्या घराशी तुमचं ठीक चाललंय. "पोरीलाच विचारा, तिलाच माहीत" असं आलं तरी वाईट नाही, पोरगी निरोप आणते. काहीच नाही आलं तर त्या पानावर जो रस्ता लिहिलाय तो खोडा आणि तिथेच, दारात उभं असतानाच विचारून दुसरा लिहा.